दुपारी दूध, रात्री पाणी : नॉन-आयनिक सर्फॅक्टंट विरघळतो कधी आणि रुसतो कधी

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात बचत गटाच्या बायांनी कपडे धुण्याचं लिक्विड करायला घेतलं. फेब्रुवारीतला पहिला घाणा असा नितळ उतरला, की बाटलीपलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं. मे लागला आणि मावशींचा फोन आला. "भाऊ, हे नासलं का गा? दुपारी दुधावानी दिसते, रात्री हलवून ठेवलं का पाण्यावानी होते. काऊन होते असं?"

बीएस्सीला केमिस्ट्री होती म्हणून गावात असल्या प्रश्नांचा मीच धनी. मी आधी पाण्याला दोष दिला, मग सोड्याला. मुख्य कारण शेडच्या टिनाखाली होतं आणि त्याची मुळं लिक्विडमधल्या सर्फॅक्टंटच्या, म्हणजे तेल-पाण्याची गाठ घालून मळ काढणाऱ्या घटकाच्या, रेणूच्या घडणीत होती. लिक्विड, फिनाईल, निंबोळी तेलाचं इमल्शन असलं काही पहिल्यांदाच करायला घेणाऱ्यांसाठी तेच इथे क्रमाने लिहितोय. मला हे कुणी आधी सांगितलं असतं, तर मावशींचा अर्धा ड्रम माल पुन्हा ढवळत बसावं लागलं नसतं.

आधी रेणू डोळ्यासमोर आणा

सर्फॅक्टंटच्या रेणूला दोन टोकं असतात. एक तेलाचं, म्हणजे कार्बनची लांब शेपटी. दुसरं पाण्याचं, त्याला डोकं म्हणू. साबणाच्या डोक्यावर विद्युतभार असतो, त्या जोरावर तो पाण्यात जातो. पण हाच भार आमच्या भागात त्याच्या मुळावर येतो. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा ठाऊक असेल, तर तिथल्या विहिरीच्या पाण्यात साबण लावून पाहा. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं, फेस येतच नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट चिकट साय जमते. निंबोळी अर्कात साबणाची पावडर घालायला सांगतात, ती अशा पाण्यात घातली की हीच साय फवाऱ्याच्या नोझलमध्ये अडकते.

नॉन-आयनिक म्हणजे बिनभाराचा. याच्या डोक्यावर भार नसतो, त्यामुळे कॅल्शियमला धरायला काही सापडत नाही. बायांनी तो निवडला तो याच कारणाने, आणि निवड बरोबरच होती.

मग भार नाही तर हा पाण्यात विरघळतो कसा? याचं डोकं म्हणजे मण्यांची माळ. एकेक मणी इथिलीन ऑक्साइडचा, म्हणजे दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन. प्रत्येक ऑक्सिजन आजूबाजूच्या पाण्याच्या दोन-तीन रेणूंना हायड्रोजन बंधाने धरून ठेवतो. एका मण्याची पकड कमजोर असते. सात-आठ मण्यांनी मिळून पाणी धरलं, की ते शेपटीसकट अख्ख्या रेणूला पाण्यात ओढून नेतात. शेपटी बाहेर ओढते, मणी आत ओढतात. पुढचं सगळं या ओढाताणीचंच आहे.

पहिलं काम : कॅनवरचं नाव वाचायला शिका

दुकानदार "सात मोल देऊ का नऊ मोल?" असं विचारतो, तेव्हा तो मण्यांची संख्या विचारत असतो. एलए-७ म्हणजे लॉरिल अल्कोहोलच्या बारा कार्बनच्या शेपटीवर सात मणी. एनपी-९.५ म्हणजे नोनिलफिनॉलवर साडेनऊ मणी. सीओ-४० म्हणजे एरंडेल तेलाच्या रेणूवर चाळीस मणी. कीटकनाशकांची तेलकट औषधं पाण्यात दुधासारखी फुलतात, त्यामागे बऱ्याचदा हा एरंडेलवाला असतो.

अर्धा मणी कसा असेल, हा प्रश्न गटातल्या एका पोरीने विचारला होता, आणि तो योग्य होता. कारखान्यात प्रत्येक रेणूवर मोजून सात मणी बसत नाहीत. कुणावर तीन बसतात, कुणावर सात, कुणावर बारा. कॅनवरचा आकडा त्यांची सरासरी असतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की दोन कंपन्यांचा सात मोल तंतोतंत सारखा वागेलच असं नाही. कंपनी बदलली की चाचणी पुन्हा करायची.

दुसरं काम : कागदावर हिशोब

कोणता सर्फॅक्टंट पाण्याकडे झुकतो आणि कोणता तेलाकडे, हे एका आकड्यात सांगायची पद्धत विल्यम ग्रिफिन याने १९४९ मध्ये मांडली. तो अमेरिकेतल्या अ‍ॅटलस पावडर कंपनीत होता. स्पॅन आणि ट्वीन ही नावं ऐकली असतील, सर्फॅक्टंटची ती मालिका याच कंपनीची. या आकड्याला एचएलबी म्हणतात. तो ० ते २० मध्ये असतो, आणि जितका मोठा तितका पाण्याच्या बाजूचा. १९५४ मध्ये त्याने तो आकडा रेणूवरून काढायची रीतही दिली. मण्यांचं वजन एकूण वजनाच्या किती टक्के आहे ते काढायचं आणि पाचने भागायचं. झालं.

एका मण्याचं रेणुभार ४४, लॉरिल अल्कोहोलचं १८६. सात मोल घेतला, तर मण्यांचं वजन ३०८ आणि एकूण ४९४. म्हणजे मणी ६२ टक्के आणि एचएलबी साधारण १२.५. तीन मोलचा हिशोब केला तर ८.३ येतो, नऊ मोलचा १३.६. नोनिलफिनॉलचं रेणुभार २२०. त्यावर साडेनऊ मणी असले तर १३.१, आणि चारच असले तर ८.९.

आता हा आकडा पाण्यात कसा दिसतो ते पाहा. चारच्या खाली असेल तर सर्फॅक्टंट तेलासारखा वर तरंगतो, कितीही हलवा. सहा ते आठ असेल तर जोरात हलवल्यावर दुधट होतो आणि थोड्या वेळाने वेगळा पडतो. आठ ते दहामध्ये दूध टिकतं. दहा ते तेरामध्ये धुरकट ते जवळजवळ नितळ. तेराच्या पुढे स्वच्छ द्रावण. या सीमा काही कुऱ्हाडीने तोडलेल्या नाहीत, एकीतून दुसरीत हळूहळू जाता येतं. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे, मण्यांचं वजन साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर गेलं की साध्या तापमानाच्या पाण्यात नितळ व्हायची आशा धरायची.

या हिशोबावर माझा एक आक्षेप आहे. तो वजन बघतो, आकार बघत नाही. आणि उन्हाळा तर मुळीच बघत नाही. मावशींचं लिक्विड कागदावर पास होतं आणि शेडमध्ये नापास, ते यामुळेच.

तिसरं काम : क्लाउड पॉइंट मोजा

हे काम कधीही टाळू नका. बाकीचं एक वेळ राहिलं तरी चालेल.

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, मीठही थोडं जास्त विरघळतं. मणीवाला नॉन-आयनिक मात्र उलटा वागतो. थंड पाण्यात नितळ असलेलं द्रावण तापवत गेलं, की एका ठरावीक तापमानाला ते अचानक ढगाळ होतं. त्या तापमानाला क्लाउड पॉइंट म्हणतात. कारण मघाचंच. हायड्रोजन बंध नाजूक असतात. उष्णता वाढली की पाण्याचे रेणू मण्यांचा हात सोडून निघून जातात, मण्यांची ओढ कमी पडते आणि शेपटी जिंकते. पाण्यात सर्फॅक्टंटचे रेणू शेपट्या आत घेऊन गोळके करून राहतात. ते गोळके एकमेकांना चिकटतात, मोठे होतात, आणि द्रावणाचे दोन भाग पडतात. एका भागात सर्फॅक्टंट गर्दी करतो, दुसऱ्यात जवळजवळ पाणीच उरतं. थंड केलं की मणी पुन्हा पाणी धरतात आणि सगळं निवळतं. दुपारी दूध आणि रात्री पाणी, ते असं. माल नासलेला नव्हता, तापला होता.

रेणूची घडण इथे किती बारकाईने बोलते ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. बारा कार्बनची सरळ शेपटी कायम ठेवा आणि शुद्ध रेणूवर फक्त मणी वाढवत जा. चार मण्यांना क्लाउड पॉइंट ५ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे आपल्याकडे तो डिसेंबरच्या पहाटेही ढगाळच. पाच मण्यांना साधारण ३२, सहाला ५०, आणि आठ मण्यांना ७७-७८. एकेका मण्याने किती फरक पडतो ते दिसलं ना? मात्र जसजसे मणी वाढतात, तसतशी प्रत्येक नव्या मण्याची भर कमी होत जाते. आता मणी सहाच ठेवा आणि शेपटी बाराऐवजी दहा कार्बनची करा. क्लाउड पॉइंट ५० वरून ६० च्या आसपास चढतो. प्रयोगशाळेत वापरतात त्या ट्रायटन एक्स-१०० चा क्लाउड पॉइंट ६५ च्या जवळ. त्याचाच भाऊ एक्स-११४, मणी फक्त दोन-एकने कमी, आणि तो २३-२४ अंशांनाच ढगाळतो. म्हणजे नागपूरच्या संत्र्याच्या थंडीत नितळ आणि होळीपर्यंत दूध.

मोजायची रीत घरगुती आहे. आरओच्या पाण्यात सर्फॅक्टंटचं एक टक्का द्रावण करा, म्हणजे १०० मिलीत एक ग्रॅम. ते काचेच्या अरुंद बाटलीत घ्या. एका गंजात पाणी घेऊन त्यात बाटली उभी करा आणि मंद आचेवर ठेवा. दुकानात मिळणारा काचेचा थर्मामीटर बाटलीतल्या द्रावणात बुडवा, ताप मोजायचा नव्हे, कारण तो ४२ च्या पुढे जात नाही. हळू ढवळत राहा. बाटलीमागे काळ्या शाईने लिहिलेला कागद धरा. अक्षरं दिसेनाशी झाली तो आकडा लिहून घ्या. मग गॅस बंद करा आणि थंड होताना अक्षरं पुन्हा कधी दिसली तोही आकडा लिहा. दोन्ही आकडे जवळजवळ आले तर मोजणी बरोबर. मी थंड होतानाचा आकडा जास्त खरा मानतो, कारण तापवताना आपण नेहमी घाई करतो.

हे एक टक्क्याचं मोजून झालं, की तयार मालावरही हेच करा. आमचा सात मोल साध्या पाण्यात पन्नाशीच्या वर ढगाळत होता. तयार लिक्विड ४१ ला. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, आमच्याकडेही फार मागे नसतो, आणि टिनाखाली तर त्याहून जास्त. मग ४१ चा माल तिथे कसा टिकणार?

चौथं काम : गंजात आणखी काय काय आहे ते तपासा

पन्नाशीवरून ४१ वर कशाने आलं? धुण्याच्या सोड्याने. लिक्विडमध्ये दोन टक्के सोडा होता. क्षार पाण्याचे रेणू स्वतःभोवती ओढून घेतात, मण्यांच्या वाट्याला कमी येतात, आणि क्लाउड पॉइंट खाली घसरतो. सगळे क्षार सारखे नसतात. साधं मीठ बेताचंच ओढतं. सल्फेट, कार्बोनेट आणि फॉस्फेट जास्त जोरात ओढतात. म्हणून लिक्विड घट्ट करायला मीठ घालायची जी युक्ती एसएलईएस या भारवाल्या सर्फॅक्टंटच्या मालाला चालते, ती नॉन-आयनिकच्या मालाला आंधळेपणाने लावू नका.

फवारणीवाल्यांनी इथे कान द्यावा. पंपात युरिया टाकला तर क्लाउड पॉइंट उलट थोडा वर चढतो, कारण युरिया क्षारांसारखा मण्यांचं पाणी ओढून घेत नाही. डीएपी टाकला तर फॉस्फेटमुळे खाली येतो. एकाच इमल्शनचं एका दिवशी छान फुलणं आणि दुसऱ्या दिवशी तुकडे पडणं, याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं.

खारपाणपट्ट्याचं पाणी पिण्याला आणि ओलिताला वाईट, पण क्लाउड पॉइंट त्याने एकट्याने फार ढळत नाही, कारण इतक्या क्षाराने तो थोडाच खाली येतो. मात्र त्याच पाण्यात धुण्याचा सोडा घातला, तर वेगळीच पांढरी भानगड होते. पाण्यातलं कॅल्शियम सोड्याशी मिळून चुनखडीसारखा गाळ पाडतं. दोन्ही प्रकारचं गढूळपण सारखंच दिसतं आणि नवखा माणूस तिथेच चुकतो. ओळखायची खूण सोपी आहे. बाटली मटक्याच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. निवळली तर क्लाउड पॉइंटचा खेळ. नाही निवळली, आणि तळाला पांढरी पूड बसली, तर चुना. मी आधी पाण्याला दोष दिला तो हे न करताच. मालासाठी आरओचं पाणी घेतलं, की ही दुसरी कटकट मिटते.

क्लाउड पॉइंट वर न्यायचे दोन मार्ग आहेत. जास्त मण्यांचा सर्फॅक्टंट घ्या, किंवा थोडा भारवाला मिसळा. एसएलईएस थोडासा घातला तरी गोळक्यांवर भार चढतो, ते एकमेकांना ढकलतात, चिकटत नाहीत, आणि क्लाउड पॉइंट बराच वर जातो. आम्ही सात मोलच्या जागी नऊ मोल घेतला आणि सोडा होता तेवढाच ठेवला. तयार मालाचा आकडा ६० च्या पुढे गेला. एसएलईएसची गरजच पडली नाही.

शेपटीचा आकार आणि डोक्याची जात

मण्यांबद्दल एवढं झालं, आता शेपटीकडे. लांबी वाढली की विद्राव्यता घटते, हे वर आलंच. शेपटीत बेंझिनची कडी असेल, जशी नोनिलफिनॉलमध्ये असते, तर ती कडी साधारण साडेतीन कार्बनएवढी तेलकट मोजतात. म्हणून नऊ कार्बनच्या नोनिलफिनॉलला बारा कार्बनच्या लॉरिलपेक्षा कमी मणी पुरतील असं समजू नका.

फाटे फुटलेल्या शेपटीचं वागणं मजेशीर आहे. कार्बन तेवढेच, मणी तेवढेच, पण शेपटी सरळ असण्याऐवजी बाभळीच्या काटकीसारखी फाटे असलेली असली, तर क्लाउड पॉइंट खाली येतो. त्याच वेळी असे रेणू एकमेकांवर नीट रचून बसत नाहीत, म्हणून थंडीत गोठत नाहीत आणि पाण्यात मिसळताना जेलही कमी करतात. एकीकडे तोटा, दुसरीकडे सोय. फक्त नाल्यातले जिवाणू फाटेवाली शेपटी लवकर खात नाहीत.

डोकं दरवेळी इथिलीन ऑक्साइडच्या मण्यांचंच असतं असं नाही. प्रॉपिलीन ऑक्साइडचे मणी दिसायला भाऊच, पण त्यांच्या अंगावर एक जास्तीचा मिथाइल असतो. तो पाण्याला ऑक्सिजनपर्यंत पोचू देत नाही, म्हणून ती माळ तेलाच्या बाजूला जाते. कमी फेसाच्या मालात ती मुद्दाम वापरतात. स्पॅन ८० मध्ये मणी नसतात, साखरेच्या जातीच्या सॉर्बिटॉलपासून केलेलं लहानसं डोकं असतं, एचएलबी ४.३, पाण्यात तो विरघळत नाही. त्याच डोक्यावर वीस मणी चढवले की ट्वीन ८० होतो, एचएलबी १५, पाण्यात नितळ. शेपटी दोघांची एकच.

आणि मग ग्लुकोजचं डोकं असलेले अल्किल पॉलिग्लुकोसाइड. ग्लुकोजला हायड्रॉक्सिल गट भरपूर, पाण्याशी त्यांची पकड घट्ट, आणि ती उन्हात मण्यांसारखी सुटत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी हा मला सगळ्यात शहाणा रेणू वाटतो. भाव मात्र खिशाला चटका देतो, म्हणून आम्ही अजून घेतलेला नाही.

एनपीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तो स्वस्त आहे आणि दुकानदार तोच पुढे करतो. तो नाल्यात गेला की जिवाणू त्याचे मणी टोकाकडून एकेक करून खातात. मणी कमी झाले की उरलेला रेणू पाण्यात राहत नाही, चिखलात जाऊन बसतो, आणि शेवटी नोनिलफिनॉल उरतं. ते माशांच्या शरीरात संप्रेरकासारखं वागतं. युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशाने याचे बहुतेक वापर बंद केले. आपल्याकडे शेततळ्यात मासे सोडणारे वाढलेत. ड्रम कोणत्याही सर्फॅक्टंटचा असो, तो तळ्याच्या काठावर विसळू नका.

निंबोळी तेलाला जास्त विरघळणारा नको

नवखे लोक हमखास असं समजतात, की जितका पाण्यात विरघळणारा तितका चांगला. कपड्याला ते खरं असेल. तेलाला नाही. ज्याचं अर्धं मन तेलात आणि अर्धं पाण्यात, तोच सर्फॅक्टंट थेंबाच्या काठावर बसतो. फार मणीवाला एकटा घातला, तर तो पाण्यात निघून जातो आणि थेंब उघडे पडतात.

म्हणून दोन सर्फॅक्टंट मिसळून शिडी लावून पाहायची. ट्वीन ८० आणि स्पॅन ८० वजनाने मिसळले तर एचएलबी सरळ त्रैराशिकाने निघतो. ट्वीन ३५ भाग आणि स्पॅन ६५ भाग घेतले तर ८ येतो. ५३ आणि ४७ ला १०. ७२ आणि २८ ला १२. ९१ आणि ९ ला १४. चार बाटल्या घ्या, प्रत्येकीत १० ग्रॅम निंबोळी तेल आणि एक ग्रॅम मिश्रण नीट घोळा. मग चार ग्लासांत विहिरीचं पाणी घ्या, ज्याने फवारणार आहात तेच, आरओचं नको. प्रत्येकात काही थेंब सोडा. जिथे थेंब पाण्यात पडताच पांढरा ढग होऊन आपोआप पसरतो, आणि दोन तासांनी वर तेलाची तवंग येत नाही, तो आकडा तुमचा. निंबोळी तेल घाण्यागणिक बदलतं. म्हणून मी तुम्हाला एकच आकडा देत नाही, शिडी देतो. निंबोळी तेल जाड असतं, थंडीत गोठतं. आधी बाटली उन्हात ठेवून पातळ करून घ्या.

ही चाचणी साध्या निंबोळी तेलापुरतीच. दुकानातल्या कीटकनाशकात आपल्या मनाने सर्फॅक्टंट घालू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. पानात औषध मुरवणारी वस्तू माणसाच्या कातडीतूनही ते आत न्यायला मदत करू शकते.

घाणा लावताना

ड्रममध्ये आधी पाणी, मग सर्फॅक्टंटची बारीक धार, सतत ढवळत. उलटं केलं, म्हणजे सर्फॅक्टंटवर पाणी ओतलं, तर साधारण निम्म्या-निम्म्या प्रमाणाला मणीवाले रेणू रांगा लावून बसतात आणि असा घट्ट जेल होतो, की त्यात लाकडी दांडा उभा राहतो. आमच्याकडे तो खरंच उभा राहिला होता. काकू म्हणाल्या, "पुरणावानी शिजलं भाऊ हे!" जेल झालाच तर कोमट पाणी थोडं थोडं घालत वेळ द्या. उकळतं पाणी ओतू नका, क्लाउड पॉइंटच्या वर गेलात तर जेलवर तेलकट थर ही नवी डोकेदुखी.

डिसेंबर-जानेवारीत नऊ मोलचा कॅन मेणासारखा घट्ट होतो. त्यातही जास्त मण्यांचे रेणू आधी गोठतात आणि तळाला बसतात. वरचं पातळ काढून घेतलं, तर तुमच्या हाती कमी मण्यांचा माल येतो आणि तळाशी जास्त मण्यांचा उरतो. मग पहिला घाणा उन्हाळ्यात ढगाळणार आणि शेवटचा नाही, आणि तुम्ही डोकं खाजवत बसणार. कॅन उन्हात ठेवून पूर्ण वितळू द्या, गडगडवून घ्या, मगच मोजा. हातात रबरी मोजे हवेत. मूळ सर्फॅक्टंट डोळ्यात उडाला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, आणि आग थांबली नाही तर डॉक्टरकडे जा.

आमच्या शेडमध्ये आता प्रत्येक घाण्यातली एक बाटली टिनाला चिकटवून वरच्या आडव्या पट्टीवर ठेवतात. तिच्यावर घाण्याची तारीख, मोल आणि कंपनीचा लॉट नंबर लिहिलेला असतो. मे महिन्यात दुपारी दोनला मावशी शिडीवर चढतात आणि खालून पोरी विचारतात, "दूध का पाणी?"

या वर्षी तीन वेळा उत्तर आलं, "पाणी." एकदा, १२ मेला, "दूध." तो घाणा नव्या कंपनीच्या कॅनमधला होता.

तो कॅन आता सोड्याशिवायच्या मालासाठी बाजूला काढून ठेवलाय.